रोज उन्हात बसून आईचं व्हिटॅमिन डी ९ कसं आलं?

आईचा रिपोर्ट आला, व्हिटॅमिन डी ९. म्हणजे २० च्या खाली गेलं की कमी समजतात आणि हिचं त्याच्याही निम्म्याहून कमी. आई म्हणाली, अगं पण मी तर रोज सकाळी उन्हात बसते! आणि ते खरंच आहे, मी स्वतः बघत आलेय, बंद खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर पेपर, पायांवर उन्हाचा पट्टा, चांगली तासभर बसते. जिना चढताना मांड्या भरून येतात, खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो, हे ती वर्षभर सांगत होती आणि आम्ही सगळे "वय झालं आता" म्हणून मोकळे होत होतो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तर गडबड कुठे होती? पहिली काचेत. आपल्या कातडीत व्हिटॅमिन डी बनतं ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी (डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा एक प्रकार) आणि खिडकीची साधी काच हे किरण जवळपास सगळे अडवते. ऊब येते, उजेड येतो, कातडी काळवंडवणारे यूव्हीए किरणसुद्धा बऱ्यापैकी आत येतात, फक्त जे हवं तेच बाहेर राहतं. म्हणजे कितीही वर्षं बसा, डी मिळणार नाही.

दुसरी गडबड वेळेत. कोवळ्या उन्हात बसावं हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कुणी विचारतच नाही. पण सूर्य खाली असतो तेव्हा किरण तिरपे येतात, त्यांना हवेतून आणि ओझोनमधून लांबचा रस्ता कापावा लागतो आणि यूव्हीबी वाटेतच गळून जातात. कोवळं ऊन सुखाचं असतं ते खरं, पण डी साठी फारसं कामाचं नाही. याला एक सोपी खूण आहे, उघड्यावर उभं राहून आपली सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हात डी जेमतेम बनतं, आखूड असेल तर नीट बनतं. अर्थात याचा अर्थ भर दुपारी भाजून घ्यायचं असा अजिबात नाही, हात पाय उघडे, डोकं झाकलेलं, थोडाच वेळ, आणि कातडी लाल व्हायच्या बऱ्याच आधी सावलीत यायचं. सावळ्या माणसाला जास्त वेळ लागतो कारण कातडीला रंग देणारं मेलॅनिन किरण शोषून घेतं, आणि सत्तरीतल्या कातडीत तेवढ्याच उन्हात तरुणपणापेक्षा खूप कमी डी बनतं, म्हणून आईला नुसत्या उन्हावर ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस (डी कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार) झालेल्या मुलांवर अतिनील किरण देणाऱ्या मर्क्युरी दिव्याचा प्रकाश सोडला आणि हाडं भरून आली. त्यातही प्रकाश एकाच हातावर पाडला तरी हाडं दोन्ही हातांची सुधारली, म्हणजे कातडीत काहीतरी बनून ते रक्तातून सगळीकडे जातंय हे तिथेच दिसलं!

खाण्यातून डी फार कमी मिळतं, तेलकट मासे, अंड्याचा बलक, वरून डी घातलेलं दूध, जवळपास संपली यादी. म्हणून मग गोळ्या. आणि इथे प्लीज नीट वाचा, ६०,००० युनिटची गोळी असते ती डॉक्टर बहुतेक वेळा आठवड्यातून एक अशी देतात, ती रोज घ्यायची नसते. आमच्या नात्यातल्या एकांनी दीड महिना रोज घेतली, सारखी तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, शेवटी ॲडमिट करावं लागलं कारण रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं आणि किडनीवर ताण आला होता. उन्हाने असं होत नाही, जास्तीचं डी कातडीतच ऊनच मोडून टाकतं, गोळीचं तसं नाही. ती जेवणाबरोबर घ्यायची हेही सांगून ठेवते, कारण डी स्निग्ध पदार्थात विरघळतं.

डी च्या नादात बी १२ विसरू नका हे मात्र मला कळकळीने सांगायचंय. ते नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिजन्य खाण्यात असतं, त्यामुळे शाकाहारी माणसाला दूध, दही, अंडी यावरच भागवावं लागतं, आणि डायबिटीसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आतड्यातून ते कमी शोषलं जातं. आई दोन्हीत बसते. रात्री तळपायाला मुंग्या येतात म्हणायची, आम्ही तेही वयावर ढकललं होतं. बी १२ च्या कमतरतेकडे फार काळ दुर्लक्ष झालं तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

आता खुर्ची बाहेर आलीय. परवा मी पेपर घेऊन गेले तर आई उभी राहून जमिनीकडे बघत होती, म्हणाली, थांब, सावली अजून माझ्यापेक्षा लांब आहे. बी १२ साठी उद्या सकाळी रक्त द्यायला जातोय.