काउंटरवरचा कायदा आणि काउंटरबाहेरचा व्यवहार

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात राहणाऱ्या ब्रूस एब्रॅम्स्की या माजी पोलिसाने २००९ साली ग्लॉक १९ हे पिस्तूल विकत घेतले, ते पेनसिल्व्हेनियातील आपल्या एका नातेवाइकासाठी. पोलिसांना मिळणारी सवलत आपल्याला मिळेल, एवढाच त्यामागचा हेतू होता. नातेवाइकाने आधीच चारशे डॉलरचा चेक पाठवला होता आणि त्यावर ‘ग्लॉक १९ हँडगन’ असे लिहूनही ठेवले होते. दुकानातल्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर ‘या शस्त्राचे खरे खरेदीदार तुम्हीच आहात का?’ असा प्रश्न असतो. एब्रॅम्स्कीने ‘होय’वर खूण केली. पुढे ते पिस्तूल पेनसिल्व्हेनियातील परवानाधारक विक्रेत्यामार्फत, तिथली तपासणी पूर्ण करूनच त्या नातेवाइकाच्या हाती गेले. दोघांनाही शस्त्र बाळगण्यास कायद्याने मनाई नव्हती. तरीही खोटे निवेदन केल्याबद्दल एब्रॅम्स्की दोषी ठरला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा कायम केली.

निकालपत्र वाचताना मला सुरुवातीला हा निर्णय कठोर वाटला होता. आता तसे वाटत नाही, कारण काउंटरवर उभा असलेला माणूसच खरा ग्राहक नसेल, तर तिथे होणाऱ्या तपासणीला काहीच अर्थ उरत नाही. मला अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे.

१९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने राज्यसीमा ओलांडणारी बंदूकविक्री परवानाधारक विक्रेत्यांच्या हाती सोपवली. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येत वापरलेली रायफल त्यांचा मारेकरी ऑस्वाल्ड याने खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवली होती, ही आठवण तेव्हा ताजीच होती. या कायद्यानुसार एका राज्यातील विक्रेता दुसऱ्या राज्यातील रहिवाशाला हँडगन थेट देऊ शकत नाही. ती ग्राहकाच्या स्वतःच्या राज्यातील विक्रेत्याकडे पाठवावी लागते आणि फॉर्म व पार्श्वभूमीची तपासणी तिथे होते. रायफल व शॉटगनच्या बाबतीत १९८६ च्या दुरुस्तीने सूट दिली. ही शस्त्रे परराज्यातील ग्राहकाला समोरासमोर विकता येतात, मात्र विक्री दोन्ही राज्यांच्या कायद्यांत बसली पाहिजे. म्हणजे विक्रेत्याला ग्राहकाच्या राज्याचे नियमही ठाऊक असावे लागतात. त्यासाठी एटीएफ ही केंद्रीय यंत्रणा सर्व राज्यांच्या शस्त्रविषयक कायद्यांचे संकलन प्रसिद्ध करते.

हे सारे बंधन विक्रेत्याच्या काउंटरपुरते आहे. ज्याचा बंदूकविक्री हा व्यवसाय नाही, अशा माणसाने आपल्याच राज्यातील दुसऱ्या माणसाला बंदूक विकली, तर केंद्रीय कायदा ना फॉर्म मागतो, ना तपासणी. काही राज्यांनी आपल्या कायद्याने ही फट बुजवली आहे, काहींनी नाही. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये बंदूक बाळगण्यासाठी आधी राज्याचे ओळखपत्र काढावे लागते आणि खरेदीनंतर ७२ तास थांबावे लागते. शिकागोच्या दक्षिण टोकाला लागूनच असलेल्या इंडियाना राज्यात खासगी विक्रीसाठी तपासणीची अट नाही. शिकागो शहराने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, गुन्ह्यांच्या तपासात हाती आलेल्या आणि माग लागलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक परराज्यांतून आल्या होत्या आणि एकट्या इंडियानाचा वाटा सुमारे एक पंचमांश होता. शिकागोत कडक कायदे असूनही गोळीबार थांबत नाही, असा युक्तिवाद मी वारंवार ऐकतो, आणि दर वेळी या आकड्यांकडे बोट दाखवावेसे वाटते.

२०२२ च्या कायद्याने दुसऱ्यासाठी आडून खरेदी करणे आणि बंदुकांची तस्करी हे स्वतंत्र केंद्रीय गुन्हे ठरवले. तोवर सरकारी वकिलांना एब्रॅम्स्कीप्रमाणे मुख्यतः फॉर्मवरच्या खोट्या उत्तराचा आधार घ्यावा लागे. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते. परंतु परराज्यातील माणसाला बंदूक विकण्याबाबत खासगी विक्रेत्याची जबाबदारी मूळ कायद्यात होती तिथेच आहे: समोरचा माणूस परराज्यातील आहे हे त्याला माहीत असेल, किंवा तसे मानण्यास त्याच्याकडे सबळ कारण असेल, तरच तो गुन्हेगार ठरतो. ग्राहकाचे ओळखपत्र पाहण्याची सक्ती केंद्रीय कायदा त्याच्यावर करत नाही.