थंडीतला सडा, कशेळीचा हत्ती आणि मग बसणं

कोकणात सायकल म्हटलं की लोक समुद्राच्या कडेचा रस्ता धरतात, आरे-वारे, गणपतीपुळे, दोन फोटो, झालं. रस्ता छानच आहे तो, पण हातात माउंटन बाईक असेल आणि डिसेंबर-जानेवारी चालू असेल तर वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर चला, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. पावसात कातळावर शेवाळ, चाक टेकलं की गेलंच समजा, आणि होळीनंतर तोच काळा कातळ असा तापतो की सकाळी दहालासुद्धा उभं राहवत नाही. मधले हे दोन-अडीच महिनेच खरे. गवत वाळून पिवळं पडलेलं, दगड कोरडा खरखरीत, आणि ग्रिप अशी की चढावर सीटवरून उठून पॅडल मारलं तरी मागचं चाक सुटत नाही.

तर परवाच्या रविवारी आमची नेहमीची गँग भल्या पहाटे रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुलावर जमली. पारा फार तर १८-१९ असेल, पुणेकर हसतील, पण खाडीवरनं येणारा वारा सायकलवर अंगात घुसतो आणि ब्रेकवरची बोटं आखडतात. फणसोप, गोळप, पावस हा डांबरी तुकडा पटकन उरकला. पावसला पोहे आणि दोन-दोन चहा. आमच्यातला एकजण आंबा बागायतदार, तो दर दोन कलमांमागे थांबून मोहोर बघतो, कारण ही थंडी आम्हाला राईडपुरती हवी असते, त्याचं वर्ष तिच्यावर अवलंबून असतं. लवकर पडली, टिकली तर मोहोर वेळेवर, उशीर झाला तर आंबाच पुढे जातो. "अजून पंधरा दिवस अशीच राहू दे रे," एवढंच म्हणाला आणि परत सायकलवर बसला. त्याच्यासाठी आम्ही सगळेच थांबतो, कोणी कुरकुर करत नाही.

पूर्णगडाखालनं मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की गावखडी, सुरूचं बन, आणि मग वर चढणारी घाटी. खरी राईड इथनं सुरू. घाटीच्या पायथ्याशी सगळ्यांनी टायरमधली हवा कमी केली, रस्त्यावर मी ३५ पीएसआय ठेवतो ती २५ वर आणली, कारण जांभ्याचा कातळ लांबून सपाट दिसतो पण जवळनं बघाल तर सगळा भोकाभोकांचा आणि कडा धारदार, टणक टायर त्यावर उसळत राहतो आणि नरम टायर तीच कड धरून चालतो. पण फार उतरवायची पण नाही, ट्यूब असेल तर दगड आणि रिमच्या मध्ये चिमटून दोन भोकं पडतात, ट्यूबलेसवाल्यांना आत ट्यूबच नसल्यामुळे थोडी सूट.

वर आलं की मोकळा सडा, मध्ये गडगे (दगड रचून केलेली कुंपणं), एखादी बंद पडलेली चिरेखाण, आणि लांब समुद्राची पट्टी. खाणीच्या कडेने जाताना जपून, गवतात कड दिसत नाही आणि खाली चिरे काढून सरळ उभा खड्डा असतो. पुढे जाणाऱ्याने ओरडून सांगायचं आणि मागच्याने ऐकायचं, हा आमच्यातला एकमेव कडक नियम.

दुसरी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. कशेळीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, त्यातला हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत पाण्यातले आणि जमिनीवरले कितीतरी प्राणी कोरलेत. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने याच दगडावर वाकून ते कोरलंय. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण ती पायाखालच्या कातळातच आहेत, उभ्या भिंतीवर नाहीत, त्यामुळे सायकल कुठल्याही क्षणी त्यांच्यावरनं जाऊ शकते. आम्ही सायकली लांब गडग्याला टेकवतो आणि चालत जातो. तुम्ही पण तेवढं कराच. सडा एवढा मोठा आहे, चाकं फिरवायला जागा कमी नाही.

मग कशेळीच्याच सूर्यमंदिरात कनकादित्याचं दर्शन (इथली रथसप्तमी एकदा बघा), देवघळीच्या कड्यावर बसून डबे, उनाडक्या, आणि सूर्य बुडाल्यावर सायकली पिकअपमध्ये. पिकअप चालवणारा मित्र दारूला शिवत नाही, त्याच्या जिवावर आमचं बसणं निर्धास्त होतं. कारण राईड झाली की बसायचंच, रत्नागिरीकडे येतानाचं आमचं ठरलेलं परमिट रूम, कोपऱ्यातलं टेबल. थंडीत पण पहिली बिअर गारच लागते. बांगडा तवा फ्राय, कुरकुरीत बोंबील, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, पिकअपवाल्याला दोन ग्लास सोलकढी, आणि सगळेजण बूट काढून मोज्यातली कुसळं उपटत बसलेले. ही गवताची कुसळं वरनं ओढली तर मोडतात, मोजा उलटा करून आतल्या बाजूने, टोकाकडनं ओढायची, मग अख्खी निघतात. वेटर ओळखीचा, न सांगता रद्दी पेपर आणून देतो कुसळं टाकायला.

दुसऱ्या ग्लासाला पुढच्या राईडवरनं वाद सुरू झाला. बँकवाल्याचं म्हणणं, आता राजापूरकडे देवाचे गोठणे, तिथल्या कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते म्हणून. डॉक्टर म्हणाला जाऊ, पण दोन होकायंत्रं नेऊ, एकच नेलं तर ते बिघडलंय म्हणाल. बागायतदाराला फवारणी आहे, त्यामुळे त्याच्या सोयीचा रविवार धरायचा. होकायंत्रं मी आणतोय.