आज धाकटीला थेरपिस्ट मिळाली

बहिणीला विचारूनच हे लिहितेय. ती स्वतःला इजा करून घेते हे कळल्यापासून आम्ही तिच्यासाठी थेरपिस्ट शोधत होतो. आज तिची पहिली भेट झाली.

आईची धास्ती होती की बाई रागावतील, नाहीतर तिच्याकडून वचन घेतील. तसं काहीच झालं नाही. असं करावंसं वाटण्याआधी काय घडतं, कुठे असतेस, कुणाशी बोलावंसं वाटतं, हे त्यांनी शांतपणे विचारलं. तुझं बोलणं माझ्याजवळच राहील, पण जिवाला धोका वाटला तर घरच्यांना सांगावं लागेल, हेही आधीच स्पष्ट केलं. आईला नंतर एवढंच म्हणाल्या, "तिला शपथा घालू नका." आई रडली. मीही.

शोधताना फोनवर दोन प्रश्न फार कामी आले: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, आणि सेल्फ-हार्मच्या पेशंटबरोबर डीबीटी (डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी) केली आहे का. ही पद्धत मार्शा लिनेहन यांनी अशाच त्रासासाठी घडवली. भावनेची लाट अंगावर येते तेव्हा स्वतःला न दुखावता ती कशी सोसायची, हे त्यात शिकवतात. औषधं लागलीच तर ती सायकियाट्रिस्ट देतात.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंतच्या रात्री फार कठीण होत्या. तेव्हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर होता. चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तुमच्या घरात कुणी यातून जात असेल तर मला मेसेज करा. कधीही.