फ्लॅट विकताना फोटोंनी घेतलेली परीक्षा

डोंबिवली पूर्वेतला आमचा टू-बीएचके विकताना सोसायटीची एनओसी, कागदपत्रं, सगळं सुरळीत झालं. अडलं ते फोटोंपाशी. अजून आठवलं की डोकं तापतं.

एजंट संध्याकाळी आला. पडदे ओढलेले, ट्यूबलाइट चालू, मोबाइल उभा धरून त्याने भराभर फोटो काढले आणि प्रॉपर्टीच्या साइटवर जाहिरात टाकूनही दिली. हॉल बोळासारखा दिसत होता. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, ओट्यावर कुकर, भिंतीवर आमचे घरचे फोटो, सगळं जगासमोर. म्हणाला, "ताई, फोटोचं काय एवढं? गिऱ्हाईक घर बघायला येणारच की." अहो, यायचं की नाही हे गिऱ्हाईक फोटो बघूनच ठरवतं!

मग मीच सकाळी फोटो काढले. हॉल पश्चिमेकडचा, त्यामुळे सकाळी थेट ऊन नसतं, उजेड मऊ येतो. दिवे सगळे बंद, कारण ट्यूबचा आणि खिडकीतला उजेड एकत्र आला की भिंतींचा रंग भलताच येतो. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, अजिबात न कलवता. कोपऱ्यात उभं राहिलं की दोन भिंती येतात आणि खोलीचा अंदाज लागतो. ०.५ ची रुंद लेन्स मी वापरली नाही. तिच्यात खोली ऐसपैस दिसते, पण प्रत्यक्ष आलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

नवे फोटो तयार, पण जुने हटेनात! "उद्या करतो ताई," हे रोजचं उत्तर. तोवर एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तेच अंधारे फोटो इतरांनी उचलले आणि आपापल्या नावाने जाहिराती टाकल्या. कुठे किंमत वेगळी, कुठे बिल्टअप एरियाच (भिंतींसकट मोजलेला) कार्पेट (भिंतींच्या आतला, वापरायचा) म्हणून लिहिलेला. घर माझं, पण जाहिरात काढायचा अधिकार मला नाही. साइटच्या कस्टमर केअरला फोन केला, तर "ज्याने टाकली त्यालाच काढता येईल." तक्रारीचं बटण दाबलं, तर "तपासणी सुरू आहे." ती सुरूच राहिली. शेवटी मी सगळ्या एजंटांना एकच मेसेज केला: ज्याच्या जाहिरातीत जुने फोटो दिसतील, त्याला घर दाखवायला चावी मिळणार नाही. शेजारच्या काकूंनाही तसं सांगून ठेवलं. मग मात्र हालचाल झाली आणि जुने फोटो पटापट गेले. त्याआधीचे फोन "किती कमी कराल?" विचारायचे, आता लोक "कधी बघायला येऊ?" विचारू लागले. खूप बरं वाटलं.

म्हणून एजंटला घरात घेण्याआधी फोटो स्वतः काढा आणि "माझ्या होकाराशिवाय एकही फोटो टाकायचा नाही" हे मेसेजवर लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर फोटोंचा दर्जा उतरत नाही, मात्र कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद करा, नाहीतर ते फोटोबरोबर जाऊ शकतं. दारावरची नावाची पाटी फ्रेममध्ये नको. आणि बाथरूमचा फोटो टाकाच, नसला की लोक आधी तेच विचारतात. बादल्या बाहेर, कमोडचं झाकण बंद, फरशी कोरडी.