नाईलवरची बोट दुसरीकडे जाऊ शकत नाही

इजिप्तमधल्या लक्झरच्या धक्क्यावर नाईल क्रूझच्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. काठाला लागलेली पहिली, तिला बांधलेली दुसरी, मग तिसरी, चौथी. तुमची बोट सगळ्यात बाहेरची असेल तर आधीच्या सगळ्या बोटींच्या स्वागतकक्षातून चालत जायचं. सगळ्यांची दारं बरोबर समोरासमोर येतात. एका बोटीत पितळी झुंबर, पुढचीत संगमरवरी जिना, तिच्या पुढचीत सोफ्यावर पेंगणारे जर्मन आजी-आजोबा. आमच्या बॅगा उचलणारा माणूस हे अंतर झपाझप कापत होता आणि प्रत्येक दारातल्या माणसाला नावाने हाक मारत होता.

आमच्या बोटीचा मॅनेजर पन्नाशीचा, लक्झरचाच. संध्याकाळी डेकवर चहा घेताना मी त्याला म्हटलं, किती बोटी आहेत इथे, केवढी गर्दी! तो म्हणाला, "मॅडम, २०११ नंतरही इथे एवढ्याच बोटी होत्या. फक्त दिवे बंद होते." त्या वर्षी कैरोत सरकारविरोधी उठाव झाला, तेव्हा त्याची बोट महिनोन् महिने हलली नाही. अर्ध्याहून जास्त नोकर घरी पाठवले. उरलेल्यांनी इंजिन अधूनमधून चालू करायचं, गाद्यांना ऊन दाखवायचं, गंज खरवडायचा. ही सगळी राखण, बोटीवर पाहुणा नाही.

आम्हीही नाईलवर एक वर्ष उशिराच पोचलो होतो. आमचं मूळ बुकिंग इस्रायल-जॉर्डन-इजिप्त अशा एकत्र सहलीचं होतं. मुंबई-पुण्याकडच्या ग्रुप टूरमध्ये हे त्रिकूट चांगलंच रुळलेलं आहे. जेरुसलेम, पेट्रा आणि शेवटी नाईल क्रूझ. आमची तारीख २०२३च्या नोव्हेंबरची होती. ७ ऑक्टोबरला हमासचा हल्ला झाला, गाझात युद्ध सुरू झालं आणि सहल रद्द झाली. पुढच्या वर्षी डिसेंबरात मी, नवरा आणि नणंद असे तिघं फक्त इजिप्तला निघालो. निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंचा फोन आला, "अगं, शेजारी युद्ध चाललंय, आणि तुम्ही तिकडे बोटीत बसायला कशाला जाताय?"

त्यांची काळजी खोटी नव्हती. पण नकाशा काढून बघितला तर गाझाच्या सीमेवरचं रफाह आणि लक्झर यांच्यात सरळ रेषेतही सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, म्हणजे साधारण मुंबई आणि नागपूर. मधे सिनाईचं वाळवंट, सुएझचं आखात आणि इजिप्तचं पूर्वेकडचं वाळवंट. २०११च्या जानेवारीत कैरोतला तहरीर चौक पेटला तेव्हाही तो चौक लक्झरपासून रस्त्याने साडेसहाशे किलोमीटर दूर होता. टीव्हीवर मात्र देश एकच दिसतो. चौकातला धूर बघून बुकिंग रद्द होतं ते लक्झरच्या बोटीचं.

समुद्रावरच्या क्रूझचं याहून वेगळं असतं. बंदर अस्वस्थ झालं की जहाज दुसऱ्या बंदराला जातं. २०११ मध्ये भूमध्य समुद्रातल्या जहाजांनी इजिप्तची अलेक्झांड्रिया आणि पोर्ट सैद ही बंदरं गाळली. २०१५च्या मार्चमध्ये ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयात हल्ला झाला. मरण पावलेल्यांत त्या दिवशी बंदरात लागलेल्या 'कोस्टा फॅसिनोसा' आणि 'एमएससी स्प्लेंडिडा' या जहाजांचे प्रवासी होते. दोन्ही कंपन्यांनी लगेच ट्युनिस वगळलं. २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि बाल्टिक क्रूझचं मुख्य आकर्षण असलेलं सेंट पीटर्सबर्ग वेळापत्रकातून गेलं. २०२३च्या ऑक्टोबरात इस्रायलची हैफा आणि अश्दोद ही बंदरं गेली. प्रवासी हळहळतात, पण जहाज चालूच राहतं. जेवणघर, पोहण्याचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम सगळं तसंच, फक्त सकाळी खिडकीतून दिसणारा गाव बदललेला. नाईलवरची बोट कुठे जाणार? लक्झर आणि असवानच्या मधे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर पाणी, तेवढंच तिचं जग. देश अडचणीत आला की ती धक्क्याला बांधून ठेवायची, आणि तिच्यावर जगणारी माणसंही तिच्याबरोबर बांधली जातात.

दुसऱ्या दिवशी पहाटे पश्चिम किनाऱ्यावर देर अल-बहारीला गेलो. राणी हातशेपसुतचं मंदिर. उभ्या पिवळ्या कड्याच्या पायथ्याशी तीन गच्च्या, एकीवर एक, आणि मधून चढत जाणारा रुंद उतार. फोटोत कितीही वेळा पाहिलेलं असलं तरी समोर उभं राहिल्यावर माणूस बोलायचं थांबतो. पण माझं अर्धं लक्ष दुसरीकडे होतं. १७ नोव्हेंबर १९९७ला याच गच्च्यांवर बंदूकधाऱ्यांनी ५८ परदेशी पर्यटक आणि ४ इजिप्शियन माणसं मारली. गच्चीवर अडकलेल्या माणसाला पळायला फारशी वाट नाही. तिथे उभं राहिल्यावर हे अंगावर येतं. आमचा गाईड त्या वेळी शाळेत होता. राणीने पुंत या दूरच्या देशाला पाठवलेल्या सफरीची भिंतीवर कोरलेली चित्रं त्याने फार मन लावून समजावली. धुपाची झाडं मुळासकट टोपल्यांत घालून जहाजावर चढवणारी माणसं, लाल समुद्रातले मासे. हल्ल्याबद्दल मीच विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की त्या हिवाळ्यात त्याच्या वडिलांचं दुकान उघडलंच नाही.

मग त्यानेच २०१३ची गोष्ट काढली, आणि ती सांगताना त्याचा आवाज चढला. जून महिन्यात अध्यक्ष मोर्सींनी लक्झरचा गव्हर्नर म्हणून आदेल अल-खयात यांना नेमलं. ते ज्या पक्षाचे, तो पक्ष गमाअ इस्लामिया या संघटनेचा, आणि १९९७च्या हत्याकांडाचा ठपका याच संघटनेवर. पर्यटनमंत्री हिशाम झाझू यांनी राजीनामा देऊ केला. लक्झरमध्ये पर्यटनावर जगणारी माणसं गव्हर्नरच्या कचेरीसमोर जाऊन बसली आणि गव्हर्नरांना आत जाऊ दिलं नाही. आठवडाभरात गव्हर्नरांनी पद सोडलं. लक्झरचा माणूस राजकारणाकडे कसा बघतो हे मला या एका प्रसंगातून कळलं. कैरोत कोण सत्तेवर आहे याच्याशी त्याचा थेट संबंध आहे, कारण त्यावर त्याच्या घरची चूल अवलंबून आहे.

दुपारी बोट सुटली. इथून पुढे जे दिसतं त्यासाठी मी पुन्हा जाईन. काठावर उसाची आणि केळीची हिरवी पट्टी, तिच्या मागे लगेच, जणू कात्रीने कापल्यासारखी, वाळवंटाची तपकिरी भिंत. म्हशी पाण्यात उतरलेल्या, बायका कपडे धुतायत, पोरं हात हलवतायत. नणंद म्हणाली, "वहिनी, हे आपल्या कृष्णाकाठासारखंच आहे की." तिचं माहेर आणि माझं सासर सांगलीचं, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

एस्नाला धरणाच्या लॉकमधून, म्हणजे पाणी भरून बोट उचलणाऱ्या हौदातून, बोट वर चढवतात. एका वेळी दोन बोटी आत घेतात, त्यामुळे नंबर येईपर्यंत थांबावं लागतं. त्या वेळात वल्ह्याच्या छोट्या होड्या बोटीला येऊन चिकटतात. होडीत दोघं-तिघं उभे, आणि गलाबिया म्हणजे तिथले पायघोळ झगे, टेबलक्लॉथ, शाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट चौथ्या मजल्यावरच्या डेकवर फेकतात. नेम अचूक. आवडलं तर पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही तर वस्तूच परत टाकायची. "इंडिया? अमिताभ बच्चन!" असा पुकारा झालाच. नवऱ्याने दीडशे इजिप्शियन पौंडांपर्यंत घासाघीस करून एक टेबलक्लॉथ घेतला आणि मला ते बघवलं नाही. २०२४च्या मार्चमध्ये सरकारने चलन मोकळं सोडलं आणि एका डॉलरला एकतीसच्या आसपास असलेला पौंड पन्नासपर्यंत घसरला. आपल्याला सगळं स्वस्त वाटतं ते त्यामुळे. होडीतल्या माणसाला तेल, साखर, औषधं मात्र नव्या भावानेच घ्यावी लागतात. तिथे घासाघीस करू नये असं माझं मत आहे, आणि ते मी त्याच डेकवर नवऱ्याला सांगितलं.

एडफूला धक्क्यापासून होरसच्या मंदिरापर्यंत टांग्याने नेतात. तिथे टांग्याला हंतूर म्हणतात. मंदिर अप्रतिम आहे. टॉलेमी राजांच्या काळात, इसवीसनपूर्व २३७ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि १८० वर्षं चाललं. पण एडफूत पोचताच आधी दिसतात ते घोडे. काही तजेलदार, काही बरगड्या मोजता येतील असे. पर्यटक थांबले की सगळ्यात आधी घोड्याचा चारा थांबतो, कारण टांगेवाल्याला आधी पोरांच्या पोटाचं बघावं लागतं. ब्रुक ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था १९३४ मध्ये कैरोतच सुरू झाली. २०११ मध्ये तिला पर्यटनावरच्या घोड्यांच्या चाऱ्याची सोय करावी लागली होती. अस्थिरतेची झळ कुठपर्यंत पोचते ते इथे दिसतं. आमचा टांगेवाला म्हणाला की त्याच्याकडे तेव्हा दोन घोडे होते, आता एकच आहे. दुसऱ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर मी आकडे काढून बघितले. २०१०ला इजिप्तमध्ये १ कोटी ४७ लाख पर्यटक आले. २०११ला ९८ लाख. मग थोडं सावरलं, तोवर २०१५च्या ३१ ऑक्टोबरला शर्म अल-शेखहून निघालेलं रशियन विमान सिनाईवर पडलं, २२४ माणसं गेली, रशियाने उड्डाणं थांबवली आणि २०१६चा आकडा ५४ लाखांवर आला. रशियाची विमानं तिथल्या समुद्रकिनाऱ्यांकडे परत यायला २०२१ उजाडलं. आणि २०२४ला, शेजारी युद्ध चालू असताना, १ कोटी ५७ लाख! म्हणजे लोक आता नकाशा बघायला शिकलेत असं म्हणायचं का? मला तसं म्हणावंसं वाटतं. कैरोचं भव्य नवं संग्रहालय आम्ही गेलो तेव्हा पूर्ण उघडलं नव्हतं. त्याचं उद्घाटन २०२५च्या जुलैत ठरलं होतं, ते इस्रायल-इराण युद्धामुळे पुढे गेलं आणि शेवटी १ नोव्हेंबरला झालं.

सुएझची गोष्ट मात्र सुधारलेली नव्हती. २०२३च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. हिवाळ्यात युरोपातून दुबईकडे येणाऱ्या क्रूझ जहाजांची हीच वाट. काही कंपन्यांनी त्या सफरी रद्द करून जहाजं प्रवासी न घेताच आफ्रिकेला वळसा घालून नेली. मालवाहू जहाजंही वळली. कालव्याचं उत्पन्न २०२३ला दहा अब्ज डॉलरच्या वर होतं, २०२४ला चार अब्जांच्या आसपास उरलं.

असवानच्या वाटेवर रात्री डेकवर बसून मी मुंबईचा विचार करत होते. २६/११नंतर इंग्लंडचा क्रिकेट संघ मायदेशी गेला, मग परत आला, पण कसोटी सामने चेन्नई आणि मोहालीला झाले. मुंबईचा सामना गेला. तेव्हा आम्हा सगळ्यांना किती लागलं होतं! आमचं शहर सुरक्षित आहे, या ना, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. लक्झरचा माणूस १९९७पासून हेच सांगतोय.

कोम ओंबोचं मगरीच्या देवाचं मंदिर रात्रीच्या दिव्यात पाहिलं, ते घाईघाईतच. अबू सिंबेलच्या मंदिरांना पहाटे चारला निघालो. असवानहून २८० किलोमीटर वाळवंट. पूर्वी तिथे पोलिसांच्या ताफ्याबरोबरच जावं लागायचं, सगळ्या गाड्या एकदम. आता तसं राहिलं नाही, पण नाके आहेत, आणि नाक्यावरचा पोरगेला शिपाई गाडीतल्या प्रत्येकाचा चेहरा बघतो. मला त्याचा त्रास वाटला नाही.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगते. समुद्रावरच्या क्रूझच्या करारात बंदर बदलायचा अधिकार कंपनीकडे असतो. बंदर गाळलं तर बहुतेक वेळा फक्त त्या बंदराचे कर परत मिळतात. आणि प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींत युद्ध वगळलेलं असतं, तेव्हा ते बारीक अक्षरांतलं कलम पैसे भरायच्या आधी वाचा. नाईलसाठी बुकिंग करताना तारीख पुढे ढकलता येईल का, हे लेखी घ्या. रद्द करण्यापेक्षा पुढे ढकलणं तिथल्या माणसांच्याही सोयीचं असतं, बुकिंग त्यांच्या वहीत राहतं.

आणखी एक. नाईल क्रूझ म्हणजे लक्झर ते असवान असंच आपल्याला वाटतं, पण एके काळी बोटी कैरोहून निघून असवानपर्यंत जायच्या. १९९०च्या दशकात कैरो आणि लक्झरच्या मधल्या मिन्या आणि असियूतच्या पट्ट्यात दहशतवाद वाढला आणि ती लांब वाट बंद पडली ती २०१२पर्यंत. आजही फार थोड्या बोटी तिथून जातात. बेनी हसनची थडगी, अखेनातेन राजाची राजधानी अमार्ना, अबिडोसचं सेतीचं मंदिर, सगळं त्याच वाटेवर आहे. तिथल्या गावांनी आपल्यासारखे पर्यटक फारसे पाहिलेच नाहीत, असं मॅनेजर म्हणाला. आम्ही त्याच्याकडून त्या सफरीची माहिती मागवली आहे, आणि सासूबाईंनाही बरोबर नेणार आहोत.