तुम्ही विचारलंत म्हणून: एक खिडकी संपवून पुढे का जात नाही?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या व्हीएमसीसमोर (म्हणजे प्रोग्रामवर चालणारं उभं मिलिंग मशीन) आऱ्यांचं चाक चालू असलं की बघणारा हमखास म्हणतो, “अहो, एक खिडकी पूर्ण कापून मग पुढच्या खिडकीवर जावा की! टूल सारखं उचलून फिरवताय कशाला?” खिडकी म्हणजे दोन आऱ्यांमधली मोकळी जागा.

काहींचा त्याआधीचा प्रश्न असतो: शिरोलीत एवढ्या फौंड्र्या असताना चाक ॲल्युमिनियमच्या प्लेटीतून कोरायचंच कशाला? बरोबर आहे, नग शेकड्यात असतील तर ओतूनच घ्यावं. चार-दोन नगांसाठी पॅटर्नचा, म्हणजे ओतायचा साचा ज्यावरून करतात त्या नमुन्याचा, खर्च कोण करणार?

आता खिडक्या. एक खिडकी तळापर्यंत कापली की आऱ्याची एक बाजू उघडी पडते. मग पलीकडची कापायला घेतली की खोल जाता जाता त्या आऱ्याची उंच, पातळ भिंत होते. टूलचा रेटा आला की ती मागे सरते, टूल पुढे गेलं की परत येते. वर एक माप, खाली दुसरं, शिवाय चॅटरच्या, म्हणजे थरथरीने उठलेल्या, रेघा. म्हणून मी ३ मिमीचा थर सगळ्या खिडक्यांतून काढतो, मग पुढचा थर. टूल जिथे कापतंय त्याच्या खाली आरा अजून भरीवच असतो. आणखी म्हणजे प्लेटीतला ताण सगळीकडून सारखा सुटतो, रिम (चाकाची बाहेरची कड) एका अंगाला ओढली जात नाही. आणि वेळेचं म्हणाल, तर एका खिडकीवरून दुसरीवर जायला रॅपिडमध्ये, म्हणजे न कापता भरधाव सरकताना, सेकंद-दोन सेकंद लागतात.

प्रोग्राम एकाच खिडकीचा. सहा आरे असले तर जी६८ (फिरवायचा कोड) देऊन ६०-६० अंशांनी फिरवायचा, शेवटी ते फिरवणं रद्द करणारा जी६९ विसरायचा नाही. फिरवायचं केंद्र म्हणजे हबचं बोअर (चाकाच्या मधलं भोक), म्हणून ते आधी करून झिरो, म्हणजे मापं जिथून मोजायची तो बिंदू, तिथूनच घेतो.

खरी अक्कल लागते ती कोपऱ्यात. ड्रॉईंगवर कोपऱ्याची त्रिज्या ६ मिमी दिसली की पोरं १२ चं एंडमिल (१२ मिमी व्यासाचं कापायचं टूल) लावून मोकळी होतात. बसतं ते, पण कोपऱ्यात शिरताच टूलचा घेर एकदम कितीतरी जास्त मटेरियलला चिकटतो. आवाज लगेच बदलतो, किंचाळल्यासारखा. मी १० चं घेतो आणि वळण टूललाच फिरून घ्यायला लावतो. सायकल टाईम (एका नगाला लागणारा वेळ) थोडा वाढतो, पण नंतर कोपरे फाईलने घासत बसावं लागत नाही.