ओव्हलवर एका फेरीत भागत नाही

चर्चगेटला उतरायचं, ओव्हल मैदानाच्या कडेला उभं राहून मोबाइल वर करायचा, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर टिपायचा आणि मरीन ड्राइव्ह गाठायचा. मुंबईच्या इमारती बघायला येणाऱ्यांचा हा ठरलेला क्रम मला अजिबात पटत नाही. टॉवर मागे कलंडलेला येतो तो याच घाईपायी. कॅमेरा वर कलवला की सेन्सर (चित्र टिपणारी आतली चकती) भिंतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात.

टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. फुल-फ्रेम (३६×२४ एमएम सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून, २४ एमएमच्या वाइड लेन्सने, वर न कलवता तो पूर्ण घ्यायचा तर निदान ११५-१२० मीटर मागे जावं लागतं. म्हणजे थेट मैदानात, कुणाच्या तरी मिडऑफला! रविवारी तिथे मॅचेस एकमेकींत इतक्या घुसलेल्या असतात की भलत्याच टीमचा चेंडू पाठीत बसायचा. वर फ्रेमचा खालचा अर्धा भाग नुसतं गवत. नवखे लोक ते हमखास कापतात. मी ठेवतो. एकेकाळी या टोकदार कमानींच्या गॉथिक इमारतींसमोर समुद्र होता. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर दोन्ही १८७८ मध्ये पूर्ण झाले; पुढे समोरच्या बॅकबे उपसागरात भराव पडला आणि १९३०च्या दशकात समोर आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग उभी राहिली. २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला तो या दोन्ही रांगांना मिळून. मैदान कापलं तर उरतो तो पोस्टकार्डातला एकटा टॉवर.

दोन्ही बाजू एका वेळी मिळत नाहीत, हीच मेख आहे. डेको इमारती पूर्वेला तोंड करून, म्हणून सकाळ त्यांची. पण अगदी उजाडता उजाडता जाऊ नका. ऊन समोरून पडतं आणि दर्शनी भाग पुठ्ठ्यासारखा सपाट येतो. नऊ-साडेनऊनंतर सूर्य चढला की खिडक्यांवरच्या गोलाकार छज्जांच्या सावल्या खाली उतरतात, मग प्रत्येक मजला वेगळा दिसू लागतो. गॉथिक बाजूला दुपारनंतर जावं, शक्यतो डिसेंबरात. तेव्हा ऊन नैर्ऋत्येकडून तिरपं येतं आणि कमानींची खोली उठून दिसते.

कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर मात्र विसंबू नये. हायकोर्टाचा काळा दगड फ्रेमभर आला की कॅमेरा त्याला राखाडी करू बघतो, तेव्हा एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली घ्यायचं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). डेकोच्या फिकट भिंतींना तेवढंच वर. फोनवर घेत असाल तर रेषा नंतर सरळ करता येतात, पण त्यात वरचे कोपरे जातात, म्हणून शिखराभोवती भरपूर आकाश सोडा.

ट्रायपॉड उघडला की शिट्टी वाजते, परवानगी विचारली जाते. हुज्जत घालण्यापेक्षा कठड्यावर कॅमेरा टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावलेला बरा.

मरीन ड्राइव्ह, बांद्र्याचा किल्ला वगैरे त्याच फेरीत उरकलं. गर्दीपलीकडे सांगण्यासारखं काही नाही. डेकोच्या रस्त्यावर फाटकं आणि तळमजले पार्क केलेल्या गाड्यांआड जातात, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. समोरच्या फुटपाथवरून तिसऱ्या मजल्यापासून वरचंच घेतो.